एकट्या राजाचं कोष्टक

ग्लाफिरा: फांदी अशी मुठीत धरू नका, येफिम मार्कोविच. ओब्लेपिखाचं काटेरी झुडूप आहे ते. काटे कुठल्या बाजूला झुकलेत ते आधी बघा, मग कात्रीनं एकेक फळ देठाशी सोडवा. मुरंब्यात तुमचं रक्त नको मला.

येफिम: हो, हो. तर सावेली, मी सांगत होतो, अर्ज मी टाईप करूनच आणलाय. वर पत्रबुद्धिबळ संघाचं नाव, खाली तुझं. तुला फक्त सही करायचीय. माझी कबुली मी जूनमध्येच त्यांना पाठवली. नवा नियम असा आहे की, कोष्टक करणाऱ्यानं चूक कबूल केली आणि ज्याचं नुकसान झालं त्यानं अर्ज केला, तर जुना निकाल बदलता येतो. मुदत एक ऑक्टोबरची. आज सतरा सप्टेंबर.

सावेली: चष्मा बदललात वाटतं तुम्ही.

येफिम: काय?

सावेली: पूर्वी जाड काळी फ्रेम असायची.

येफिम: मोतीबिंदू काढला, तेव्हा बदलली. सावेली, तू मला 'तुम्ही' काय म्हणतोयस? बावीस वर्षं आपण इन्स्टिट्यूटच्या एका खोलीत टेबलाला टेबल लावून बसलो.

सावेली: तुम्ही प्रयोगशाळेचे प्रमुख. मी बॉयलरवरचा माणूस. जीभ वळत नाही.

ग्लाफिरा: वळेल. हे बघ सावेली, हा पंच्याहत्तरीचा माणूस स्टेशनपासून पाच किलोमीटर चिखल तुडवत आपल्या दाचावर, या गावाबाहेरच्या बागेतल्या घरी आलाय. मी त्याला फाटकावरूनच वाटेला लावणार होते, केकसकट. पण तो म्हणाला, ग्लाशा, चूक माझी होती. सोळा वर्षांत पहिल्यांदा म्हणाला. तेवढ्यावर मी त्याला आत घेतलं आणि हातात कात्री दिली. आता तू तोंडाला कुलूप लावून बसू नकोस.

सावेली: मी बोलतोय की. चष्म्याचं बोललो.

ग्लाफिरा: आणि आधी मला एकदा सगळं नीट सांगा. सोळा वर्षं या भांडणाची भांडी मी घासतेय आणि नेमकं काय झालं ते मला कुणी माझ्या भाषेत सांगितलेलं नाही. हा 'एकटा राजा' एवढं म्हणायचा आणि उठून सरपण फोडायला जायचा. चांगलं सुकं सरपण जमलं त्यामुळे, पण मला काही कळलं नाही.

येफिम: मी सांगतो. डाव संपत आला की पटावर थोडे मोहरे उरतात. समजा पाच, किंवा पाचाहून कमी. ते पाच मोहरे पटावर जितक्या तऱ्हांनी मांडता येतील तितक्या सगळ्या मांडण्या मशीन तपासतं. आधी मात झालेली मांडणी घेतं, तिथून एकेक चाल मागं येतं, आणि शेवटी प्रत्येक मांडणीपुढं लिहून ठेवतं, जीत, हार किंवा बरोबरी. त्याला आम्ही कोष्टक म्हणायचो. ते मी आणि सावेलीनं मिळून केलं, पंच्याण्णव आणि शहाण्णव साली. त्यात बघितलं की वादच उरत नाही.

सावेली: वाद होता. तो सांगा.

येफिम: सांगतोय. आमच्याकडे तेव्हा डिस्क होती ती एवढीशी. आजच्या फोनमध्ये त्याच्या हजारपट जागा असते. कुठं ना कुठं काटकसर करणं भाग होतं. मी ठरवलं की, एका बाजूला नुसता राजा आणि दुसऱ्या बाजूला राजासकट चार, अशी कोष्टकं करायचीच नाहीत. किरकोळ आहेत. वजीर आणि दोन हत्ती हाताशी असताना एकट्या राजाला मारायला काय लागतं? चौथीतलं पोर मारतं. म्हणून मी प्रोग्रॅममध्ये त्या कोष्टकांच्या जागी एकच ओळ लिहिली. एकीकडे नुसता राजा, समोर चार, तर समोरचा जिंकला. पुढं बघायचं कारण नाही.

ग्लाफिरा: आणि सावेली काय म्हणाला तेव्हा?

सावेली: मी म्हणालो, कोष्टक म्हणजे कोष्टक. सोपं आहे म्हणून सोडलं, असं त्यात चालत नाही. सोपं ते कुणाला, हे आधी ठरवा. ज्याच्याकडे चार आहेत त्याला सगळंच सोपं दिसतं. मी बैठकीत हे बोललो तर येफिम मार्कोविचनी अख्ख्या प्रयोगशाळेसमोर मला विचारलं, निकानोरिच, एकट्या राजाचा तुला एवढा कळवळा का? घरी बायको जेवायला घालत नाही का? सगळे खो खो हसले.

ग्लाफिरा: हे तू मला कधी सांगितलं नाहीस.

सावेली: मीही हसलो होतो ना. मग सांगणार काय.

येफिम: मला ते वाक्य आठवत नाही.

सावेली: तुम्हाला कशाला आठवेल?

ग्लाफिरा: पुढं. डावाचं सांग. तो पोस्टातला, उलान-उदेच्या दाशीबरोबरचा.

सावेली: ती वाटी इकडं दे. हे बघ, हे टेबल म्हणजे पट. हा कोपरा पांढरा. त्यात हे फळ ठेवलं, तो माझा राजा. ही दोन फळं म्हणजे दाशीची दोन प्यादी. दोन्ही पटाच्या अगदी काठाच्या उभ्या ओळीत, एकामागं एक. त्यांना वजीर व्हायचं तर याच कोपऱ्यातल्या घरात पोचावं लागतं. आणि कोपऱ्यात बसलोय मी. मला तिथून कोण उठवणार? त्याचा उंट. पण उंट जन्मभर एकाच रंगाच्या घरांवरून चालतो, आणि दाशीचा उंट काळ्या घरांवरचा. पांढरा कोपरा त्याच्या वाटेतच येत नाही.

ग्लाफिरा: म्हणजे दुकानापुढची सॉसेजची रांग. माणसं दारापर्यंत आलीत, पण आतली बाई दार उघडत नाही.

सावेली: अगदी तसं. रांगेत दोन असोत की चार, बाई हलत नाही. बरोबरी. हे कुठल्याही बुद्धिबळ मंडळात दुसऱ्या महिन्यात शिकवतात.

येफिम: मलाही माहीत होतं, ग्लाशा. अठरा वर्षांचा होतो तेव्हापासून माहीत होतं. कोष्टकाचा विचार करताना ते डोक्यातच आलं नाही. चार विरुद्ध एक म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढं वजीर आणि हत्तीच उभे राहिले.

सावेली: आता घोडा ऐक. दाशीकडे आणखी एक प्यादं होतं, शेजारच्या ओळीत. ते पुढं सरकलं असतं तर माझा कारभार आटोपला असता. माझ्याकडे राजाखेरीज एक घोडा उरला होता. सगळ्यांनी घोडा जपला असता. मी तो त्या प्याद्यावर घातला. प्यादं मारलं, त्याच्या राजानं घोडा मारला, आणि मी नुसत्या राजानिशी कोपऱ्यात जाऊन बसलो. सहा वर्षं तो सामना चालला होता, कार्ड जातंय, कार्ड येतंय. त्या सहा वर्षांत मी खेळलेली सगळ्यात चांगली चाल ती.

ग्लाफिरा: ते कार्ड टाकून आला त्या दिवशी हा माझ्याबरोबर स्वयंपाकघरात नाचला होता. मी पेल्मेनी वळत होते, माझे हात पिठाचे. याच्या काळ्या कोटावर माझे दोन पंजे उठले पाठीवर. तसाच बाजारात गेला दुसऱ्या दिवशी.

सावेली: घोडा गेला आणि पटावर पाच मोहरे उरले. त्या वर्षीपासून संघानं नियम केला होता की, पाच उरले की खेळ थांबवायचा आणि चिटणिसानं मशीनला विचारायचं. चिटणिसानं विचारलं. मशीननं बघितलं, एका बाजूला नुसता राजा, समोर चार. त्यापुढं बघू नको असं त्याला सांगून ठेवलेलंच होतं.

ग्लाफिरा: घोडा ठेवला असता तर?

सावेली: मोहरे जास्त असते, मशीनपाशी गेलंच नसतं.

ग्लाफिरा: म्हणजे चांगली चाल खेळलास म्हणून हरलास.

सावेली: आता समजलं तुला, सरपण का फोडायचो ते.

ग्लाफिरा: पण दाशीला दिसलं नाही? चिटणिसाला डोळे नव्हते?

सावेली: दाशीनं तर माझ्याआधी संघाला लिहिलं. मला हा गुण नको, ही बरोबरी आहे. चिटणीस म्हणाला, खेळाडूंच्या म्हणण्यावर निकाल द्यायचे तर मशीन आणलं कशाला? कोष्टक ज्यानं केलं त्याचं पत्र आणा, मी ताबडतोब बदलतो. मग मी कोष्टकवाल्यांना कार्ड टाकलं.

ग्लाफिरा: त्याचं उत्तर मला पाठ आहे. आदरणीय सावेली निकानोरोविच, किरकोळ स्थितींबाबत प्रयोगशाळा पत्रव्यवहार करत नाही. खाली सही, त्यावर गोल शिक्का. नव्या वर्षाच्या आठवड्यात आलं. मी आपली समजले, शुभेच्छापत्र आहे, म्हणून ते पाकीट झाडाखाली ठेवलं याच्यासाठी.

येफिम: झाडाखाली?

ग्लाफिरा: नव्या वर्षाच्या झाडाखाली. बाकीच्या भेटींबरोबर.

येफिम: मी ते कार्ड पुरतं वाचलं नव्हतं. एवढंच सांगायला मी आलोय खरं तर. अर्जबिर्ज नंतरचं. अक्षर ओळखलं आणि कपाळाला आठ्या पडल्या. चार ओळी वाचल्या. 'मी तुला शहाण्णव सालीच सांगितलं होतं' अशी सुरुवात होती. मला वाटलं, हा अजून तेच जुनं दळण दळतोय. उत्तर टाईप करायला दिलं आणि कार्ड खणात टाकलं. मांडणी सहाव्या ओळीत होती.

सावेली: तशी सुरुवात करायला नको होती मी.

येफिम: तुझं काय चुकलं त्यात?

सावेली: आधी मांडणी लिहायची. टोमणा शेवटी मारायचा. मला खुमखुमी होती.

येफिम: या एप्रिलमध्ये निवृत्त झालो. टेबल रिकामं करताना ते कार्ड हाती आलं. उभ्या उभ्या सगळं वाचलं. पट मांडावा लागला नाही, सावेली. सहाव्या ओळीवर नजर गेली आणि कळलं, उंट चुकीच्या रंगाचा आहे. खाली तू लिहिलं होतंस, फक्त दोन ओळींचं पत्र दे, बाकी काही नको. मी खुर्चीत बसलो तो सफाईवाली बाई येऊन दिवे घालवायचेत म्हणेपर्यंत. एप्रिल, मे, जून, रोज ठरवायचो की जायचं, आणि स्टेशनवरून परत फिरायचो. मला लाज वाटत होती. अजून वाटतेय.

ग्लाफिरा: वाटू दे. अर्ध्या गुणाचा प्रश्न होता, येफिम मार्कोविच. तेवढ्यावर हा मास्टर झाला असता. इन्स्टिट्यूटनं याला अठ्ठ्याण्णव साली कमी केलं होतं, घरी बसला होता. मुलांच्या बुद्धिबळ मंडळातली जागा त्यांनी याच्यासाठी दोन महिने धरून ठेवली. म्हणाले, मास्टरचा कागद आण आणि सोमवारी रुजू हो. कागद आला नाही. जागा दुसऱ्याला गेली आणि हा गेला बॉयलरवर, अकरा वर्षं. कानात कोळसा, नाकात कोळसा. उशीच्या अभ्र्यावर याच्या डोक्याचा काळा गोल उठायचा, तो मी धुवायचे.

येफिम: म्हणून म्हणतो, सही कर. मंडळ नाही परत देता येत मला. पण पदवी मिळेल. संघाच्या यादीत तुझं नाव छापून येईल, तू जिवंत असताना. मी चिटणिसाशी बोललोय, आता नवा आहे, भला माणूस आहे. ग्लाशा, तू तरी सांग याला.

ग्लाफिरा: सही कर, सावेली.

सावेली: दाशीचं काय होईल?

येफिम: कुणाचं?

सावेली: दाशी नामझिलोविचचं. माझा अर्धा गुण वाढला तर त्याचा अर्धा कमी होणार. त्याची पदवी कितीवर आली होती?

येफिम: नेमकी हद्दीवर. मी बघितलंय ते. कागदोपत्री त्याची पदवी जाईल, हो. पण तो स्वतःच म्हणत होता ना, गुण नको? त्याची हरकत असणार नाही. मी त्यालाही जुलैमध्ये पत्र टाकलंय, उत्तराची वाट बघतोय.

सावेली: बघू नकोस. फेब्रुवारीत गेला तो.

येफिम: अरेरे. मला कल्पना नव्हती.

सावेली: कशी असणार? तू आम्हाला ओळखत नव्हतास. तुझं ते 'किरकोळ'वालं पत्र मी तेव्हा त्याला कळवलं, तर त्यानं लिहिलं, संघ ऐकत नसेल तर न ऐको. आपण दोघं नियमानं खेळू. पन्नास चाली मी प्याद्याला हात लावणार नाही आणि तू कोपरा सोडू नकोस. पन्नास पुऱ्या झाल्या की नियमानं बरोबरी, मग कोण काय म्हणतं ते म्हणू दे. मला वाटलं, दोन-चार कार्डं पाठवील आणि कंटाळेल.

ग्लाफिरा: नाही कंटाळला.

सावेली: इथून उलान-उदेला कार्ड जायला दहा दिवस, यायला दहा. मध्ये पोस्टाचा घोळ, एकदा त्याचं पित्ताशयाचं ऑपरेशन. सव्वाचार वर्षं लागली. चालीला एक ओळ पुरे. उंट इकडून तिकडं, राजा कोपऱ्यातून शेजारच्या घरात आणि परत कोपऱ्यात. बाकीचं कार्ड मोकळं राहायचं. त्याला ते कोरं सोडवायचं नाही, मलाही नाही. त्याच्या बायकोचा गुडघा, बैकालच्या ओमुल मासळीचा भाव, थोरल्याचं लग्न. मी बॉयलरच्या दारात उजेडाला बसून वाचायचो. एकदा लिहितो कसा, सावेली, मला ती पदवी मिळाल्यापासून बायको मला केर काढायला सांगत नाही, तेव्हा थोडी मजा करू दे. आणि त्याच कार्डावर खाली, मला झोप येत नाही रे या पदवीनं.

येफिम: पन्नास पुऱ्या झाल्या?

सावेली: झाल्या. पन्नासाव्या कार्डावर त्यानं लिहिलं, बरोबरी, मान्य का? मी लिहिलं, मान्य. मग आम्ही नुसतीच पत्रं लिहीत राहिलो. जुलैमध्ये मी जाऊन आलो त्याच्या थडग्यावर. त्याच्या म्हातारीनं मांस भरून वाफवलेली बूझी वाढली, जाताना पाइनच्या बिया बांधून दिल्या. पोरांनी करडा दगड बसवलाय. त्यावर नाव, दोन सालं, आणि खाली, 'पत्रबुद्धिबळाचा मास्टर'. शाळेत गणित शिकवायचा तो. तेही लिहिता आलं असतं, पण पोरांनी हे निवडलं. आता सांग, कुठं करू सही?

येफिम: दगडावरचं कोण पुसायला जाणार आहे, सावेली?

सावेली: यादी छापून येते. त्याचा थोरला ती बघतो. बापाचं नाव दरवर्षी बघतो. त्याला कोण सांगणार, की दोन म्हाताऱ्यांचा सोळा वर्षांपूर्वीचा हिशेब होता? तू सांगशील?

येफिम: म्हणजे मी आलो ते उगाच. तुम्ही आपलं आपण निस्तरलंत. माझी गरजच नव्हती.

सावेली: आता नाही. तेव्हा होती.

येफिम: तुझं टेबल मी कुणाला दिलं नाही. त्यावर प्रिंटर ठेवला. जेवायला बसलो की समोर प्रिंटर. मला वाटायचं, तू येशील कधीतरी भांडायला. भांडायला तरी येशील. आधी मीच यायला हवं होतं.

ग्लाफिरा: झालं तुमचं दोघांचं? मला आता एक सांगा. मेलेल्याचा मान राहिला, याचं मन मोठं झालं, तुमच्या मनावरचं ओझं उतरलं की नाही ते तुमचं तुम्ही बघा. माझ्या अकरा वर्षांचं काय? मला कुणी विचारलं, ग्लाफिरा तिखोनोव्हना, तुम्हाला तो कागद बघायचाय का? मला बघायचाय. फ्रेम करून भिंतीवर लावायचाय. शेजारची निन्का येईल तेव्हा ती त्याच्याकडे बघेल आणि मी चहा ओतत राहीन, काही बोलणारसुद्धा नाही.

सावेली: ग्लाशा.

ग्लाफिरा: काय ग्लाशा?

सावेली: माफ कर. तुला विचारायला हवं होतं. मी दाशीला पन्नास कार्डं लिहिली आणि घरात तोंड उघडलं नाही. ते माझं चुकलं. पण सही नाही होणार माझ्याच्यानं.

ग्लाफिरा: ते मला माहीत होतं. तू उलान-उदेहून आलास आणि दोन दिवस जेवला नाहीस, तेव्हाच कळलं होतं. तरी मला विचारलेलं हवं होतं. त्या केकला मुंग्या लागतील. मी चहाचं बघते. तुम्ही ती फांदी पुरी करा.

(ग्लाफिरा आत जाते.)

येफिम: दुखावली गेली.

सावेली: दुखावली आहे. बसेल थोडी चुलीपाशी. त्या बाजूनं काटे आहेत, येफिम, फांदी उलटी धर. तुमच्या पोरांचं काय चाललंय? पेपरात वाचलं, आता सात मोहऱ्यांची कोष्टकं करताहेत म्हणे.

येफिम: करताहेत. आणि त्यातही एकाविरुद्ध सहा सोडून देणार आहेत. किरकोळ म्हणून. मे महिन्यात मला सल्ल्याला बोलावलं होतं. मी उभा राहिलो, म्हणालो, घाला. सगळं घाला, एकटा राजासुद्धा. त्यातली एक हुशार पोरगी आहे, तिनं विचारलं, आजोबा, एकट्यावर सहा जण, ते उघडून कोण बघणार? तुझं नाव माझ्या जिभेवर आलं होतं. घेतलं नाही.

सावेली: का?

येफिम: तुझं सांगितलं असतं तर पुढचं माझंही सांगावं लागलं असतं. खाली बसलो. त्यांनी ठराव केला, सोडून देण्याचा.

सावेली: हं.

येफिम: पण आपलं जुनं, चार विरुद्ध एक, ते मी घरी काढलं. माझ्या साध्या लॅपटॉपवर. सगळी कोष्टकं, एकही न सोडता. तुझी मांडणी उघडून बघितली. बरोबरी लिहिलंय समोर.

सावेली: लिहिणारच. किती वेळ लागला?

येफिम: अकरा मिनिटं.

सावेली: आणि आपल्या त्या जुन्या मशीनवर?

येफिम: तोही हिशेब केला मी. त्याचा वेग मला माहीत आहे. नऊ दिवस.

सावेली: नऊ दिवस. मला वाटायचं महिनाभर तरी लागेल. शहाण्णवच्या मे महिन्यात मी तुझ्याकडे मशीनच्या खोलीची किल्ली मागितली होती, आठवतं? सुट्टी एक तारखेपासून नऊपर्यंत. मी म्हणालो होतो, मला काही नको, ओव्हरटाईम नको, मी आत बसतो आणि एकट्या राजाची कोष्टकं काढतो. डिस्कमध्ये बसली नाहीत तर माझ्या टेपवर घेतो.

येफिम: आठवतं. मी बटाटे लावायला निघालो होतो. दोरा बांधून, त्यावर प्लॅस्टिसिनचा गोळा लावून शिक्का मारत होतो दाराला.

सावेली: मारता मारताच म्हणालास, सुट्टीत मशीन बंद असतं, निकानोरिच. वरून आदेश आहे.

येफिम: म्हणालो होतो.

सावेली: बॉयलरवर अकरा वर्षं मी त्या एका वाक्यावर काढली, येफिम. खरं सांगतो. तुझा राग यायचा तेव्हा मी मनाशी म्हणायचो, तो काही वाईट माणूस नाही. मशीनच बंद होतं. चालू असतं तर त्यानं कुरकुर केली असती, चेष्टा केली असती, पण शेवटी किल्ली दिली असती. बंद मशीनपुढं माणूस काय करणार?

येफिम: सावेली.

सावेली: बोल.

येफिम: ते बंद नव्हतं. बंद केलं की पुन्हा सुरू व्हायला दोन-दोन दिवस रुसायचं ते, तुलाही माहीत आहे. म्हणून मी चालूच ठेवलं होतं. नऊच्या नऊ दिवस.

सावेली: मग काय चालत होतं त्यावर?

येफिम: काही नाही. नुसतंच चालू होतं.